उन्हाळ्यात डबा बांधून निघताय? या चुका टाळा

एप्रिल-मेमध्ये बेळगावातून पहाटे निघालं की हवा इतकी गार असते की डबा विटेल असं मनातही येत नाही. दुपारी गोकाककडच्या उघड्या माळावर गाडीची डिकी तव्यासारखी तापते.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे गरम अन्न तसंच डब्यात कोंबणं. ती मी केली आहे. गोकाक धबधब्याला जायचं म्हणून पहाटे पाचला मसालेभात केला आणि वाफाळता असतानाच स्टीलच्या डब्यात भरून झाकण दाबलं. सासूबाई म्हणाल्या होत्या, "अगं, परातीत पसरून गार कर की आधी." घाईत ऐकलं नाही. दुपारी एकला डबा उघडला तर झाकणाच्या आतून पाणी ठिबकत होतं, वास आंबूस आणि शितांना तार सुटलेली. पोरं भुकेली होती. त्या दिवशी शेंगाचटणी-भाकरीनं तारलं.

शिजलेल्या भातातही काही जिवाणूंचे बीजाणू टिकून राहतात. भात तासन् तास कोमट राहिला की ते वाढतात, आणि त्यांचं विष परत गरम करूनही जात नाही. म्हणून आंबूस भात "जरा गरम करून" पोरांना देऊ नका. हवा 32 अंशांच्या वर असेल तर शिजवलेलं ओलं अन्न तासाभरापेक्षा जास्त बाहेर ठेवू नये. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा त्याच्या वर असतोच.

मग न्यायचं काय? कडक भाकरी, दुधात भिजवलेल्या कणकेच्या दशम्या, शेंगाचटणी, लसणीची कोरडी चटणी, गूळ. ओल्या खोबऱ्याची चटणी घरीच राहू द्या, ती सगळ्यात आधी नासते. कांदा, काकडी, कैरी अख्खी न्या आणि जेवायला बसल्यावर चिरा. दहीभात हवाच असेल तर भात पूर्ण गार करून दूध जास्त आणि विरजण चमचाभर घाला, म्हणजे तो आंबट होत नाही. पण तो बर्फाजवळच ठेवायचा.

बर्फासाठी रात्रीच पाण्याच्या बाटल्या पाऊण भरून फ्रीझरमध्ये टाका. गोठताना पाणी फुगतं, काठोकाठ भरलेली बाटली फुटते. त्या डब्यांच्या खाली नाही, वर ठेवा, कारण गारवा खाली उतरतो. पिशवी डिकीत नको, मागच्या सीटखाली सावलीत राहू दे.

पाणी कमी नेण्याची चूकही हमखास होते. प्यायचं आणि हात धुवायचं वेगवेगळं घ्या. कुणाला ऊन लागून गळल्यासारखं झालं तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ विरघळवून घोट घोट पाजा. चमचा चहाचाच.

जागेचंही बघा. मे महिन्यात गोकाकच्या 52 मीटर कड्यावरून पावसाळ्यातल्यासारखं पाणी नसतं, आणि माकडं पिशवी ओढतात, तेव्हा डबे तिथं उघडू नका. सावलीत निवांत जेवायचं तर खानापूर-जांबोटीकडचा रस्ता बरा. त्या जंगलात चूल मात्र पेटवू नका, वाळका पाला एका ठिणगीनं पेट घेतो.

गोडाला गोकाकचा करदंट न्या. डिंक, गूळ, सुकामेवा, उन्हात टिकतो. कुंदा खव्याचा, तो परतताना बेळगावात शिरल्यावर घ्या.