मुलाचा एक्स-रे, सीटी, एमआरआय: आई-वडिलांनी काय बघायचं

तपासणीची चिठ्ठी मिळाली की डॉक्टरांना आधी विचारा, सोनोग्राफीवर भागेल का? पोटदुखीत, अपेंडिक्सच्या शंकेत सुरुवात बहुधा तिनेच होते, आणि तिला क्ष-किरण लागत नाहीत. डोक्याला किरकोळ मार असेल तर काही तास देखरेखीखाली ठेवूनही कधी सीटी टळतो. पण डॉक्टर लगेच करा म्हणाले तर किरणांच्या भीतीने लांबवू नका.

साध्या एक्स-रेचा बाऊ नको. निसर्गातूनच माणसाला वर्षाला सरासरी 2.4 मिलिसिव्हर्ट (किरणांचा डोस मोजायचं एकक) किरणोत्सर्ग मिळतो, छातीच्या एक्स-रेचा त्यापुढे नगण्य. डोक्याचा सीटी मात्र साधारण 2 मिलिसिव्हर्टच्या घरात जातो, म्हणून चौकशी तिथे करायची. मशीनवर लहान मुलांची सेटिंग लावणार ना, हे विचारा आणि मुलाचं आजचं वजन सांगा. मोठ्यांच्या सेटिंगवर चित्र छान येतं, पण डोस उगाच जास्त बसतो. कॉन्ट्रास्टशिवाय (म्हणजे चित्र ठळक दिसायला देतात त्या औषधाशिवाय) आणि कॉन्ट्रास्टसह असे दोन फेरे लिहिले असतील तर दोन्ही कशाला, तेही विचारा. डोस जवळजवळ दुप्पट होतो. जुन्या फिल्म, सीडी सोबत न्या, मग त्या कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी दवाखान्यातल्या असोत की राजारामपुरीतल्या एखाद्या सेंटरमधल्या.

मूल हललं की फोटो परत काढावा लागतो. करदोटा, ताईत, वाळे, सेफ्टी पिना घरीच काढून ठेवा. पोटाच्या फोटोत करदोट्याचा चांदीचा मणी मुतखड्यासारखा दिसू शकतो. मुलाला धरणाऱ्याने शिशाचा एप्रन घालायचा, हात किरणांच्या झोतात येऊ द्यायचे नाहीत. गरोदर बाईने धरायचंच नाही. मुलाच्या कमरेवर शिसं ठेवायची जुनी पद्धत आता बऱ्याच ठिकाणी सोडली आहे. ते सरकलं तर हवा तोच भाग झाकतं, शिवाय ऑटोमॅटिक मशीन डोस वाढवतं.

एमआरआयचं धातू खेचणारं चुंबक कायम चालू असतं, मशीन बंद दिसलं तरी. शंट (डोक्यात साचणारं पाणी काढायची नळी), कॉक्लिअर इम्प्लांट (ऐकू येण्यासाठी कानात बसवलेलं यंत्र) असेल तर अपॉइंटमेंट घेतानाच सांगा. मशीनचा आवाज मोठा असतो, कानात बोळे हवेतच. तान्ह्या बाळाला पुष्कळदा पोटभर पाजून, घट्ट गुंडाळून झोपेतच तपासता येतं.

भूल द्यायची असेल तर जेवण आणि वरचं दूध 6 तास आधी बंद, आईचं दूध 4, साधं पाणी 2 तास. डॉक्टरांनी वेगळं सांगितलं तर तेच पाळा. दूध पातळ असलं तरी इथे ते जेवणातच मोजायचं, गंगावेशीतलं धारोष्णसुद्धा. पोट भरलेलं असेल तर भुलेत उलटी होऊन ती श्वासनलिकेत जाऊ शकते. आजीनं लपवून दिलेलं बिस्किटसुद्धा भूलतज्ज्ञाला सांगा.

मूल नीट जागं होऊन पाणी पचेपर्यंत तिथेच थांबा. पेंगतं पोर दुचाकीवर मध्ये बसवून गडहिंग्लजला निघू नका.