रोमन धाटणीची कानातली : मोती वाजू द्या, या चुका टाळा

एक आडवी सोन्याची दांडी, तिला लोंबणाऱ्या दोन तारा, प्रत्येक तारेच्या टोकाशी मोती. पहिल्या शतकातल्या रोमन बायकांचं हे आवडतं कानातलं. इजिप्तमधल्या फायूमच्या ममींवर रंगवलेल्या चेहऱ्यांतही ते दिसतं. नाव ‘क्रोटालिया’, म्हणजे जवळपास ‘चिपळ्या’च. मोती एकमेकांवर आपटून होणारा आवाजही बायकांना सुखावतो, असं इ.स. 79 मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या उद्रेकात वारलेल्या थोरल्या प्लिनी या रोमन लेखकाने लिहून ठेवलंय.

म्हणून मुकी प्रतिकृती घेऊ नका. माझा पहिला जोड असाच होता. भिंगाखाली पाहिलं तेव्हा कळलं, मुलामा देताना तारा दांडीला अडकवणाऱ्या कड्यांच्या फटी बुजल्या होत्या आणि तारा ताठ उभ्या होत्या. अशा वेळी दोन बारीक पकडींनी कडी आडवी पिळून उघडा, एक टोक पुढे, एक मागे. बाहेरच्या बाजूला फाकवली तर तिचा गोल परत जुळत नाही आणि मुलामाही तडकतो. कडी दांडीवर सैल फिरली की मोती आपोआप बोलायला लागतात. काहीजणी आवाजाला कंटाळून मोती चिकटवतात. कृपा करून तसं करू नका, या दागिन्याचा जीवच त्या आवाजात आहे.

खड्यांच्या बाबतीत फसगत पैलूंमुळे होते. चकाकणारे, हिऱ्यासारखे पैलू पाडलेले खडे रोमन नव्हेत. पाचूचा नैसर्गिक षट्कोनी खडा रोमन कारागीर भोक पाडून तसाच ओवत. मोती आपल्या मन्नारच्या आखातातूनही जात. ते अगदी एकसारखे गोल असतील अशी अपेक्षा ठेवू नका.

कानात अडकवायचा जुन्या धाटणीचा आकडा उघडाच असतो, त्यामुळे मान वळवताना कानातलं निसटतं. मागे छोटा रबरी स्टॉपर लावा. कान चिघळत असेल तर बहुधा तारेत निकेल आहे. सोनाराकडून फक्त आकडा चांदीचा किंवा सोन्याचा करून घ्या. जड जोडाने कानाची पाळी ओघळायला लागली तर आपला वेल लावायला हरकत नाही, रोमन नसला तरी.

आणि साफ करायला चिंच, लिंबू, टूथपेस्ट यांपैकी काहीही नको. आम्लाने मोती झिजतो, टूथपेस्टने मुलामा जातो. अत्तर आधी लावा, कानातलं शेवटी घाला, काढल्यावर मऊ सुती कापडाने पुसा.