कॅलिफोर्नियाला निघालात? रँकिंगच्या आधी धुराचं विचारा

डिसेंबर-जानेवारी आला की बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या मुलांचे मला मेसेज सुरू होतात. व्हीटीयूचा (कर्नाटकातल्या इंजिनिअरिंगच्या विद्यापीठाचा) सीजीपीए, जीआरई परीक्षेचा स्कोअर, विद्यापीठांची यादी आणि शेवटी एकच प्रश्न, "ताई, यातलं सेफ कुठलं?" सेफ म्हणजे ॲडमिशन नक्की मिळेल असं. जानेवारी २०२५ मध्ये लॉस एंजेलिसच्या कडेला पॅलिसेड्स आणि ईटनच्या आगी भडकल्या, तिथल्या यूसीएलए विद्यापीठाला वर्ग ऑनलाइन न्यावे लागले, तेव्हा थोडे दिवस सगळ्यांनी वणव्याबद्दल विचारलं. नंतर पुन्हा सगळे रँकिंगवर आले.

व्हिसा, कर्ज, एसओपी (अर्जासोबतचा निबंध) यावर मी काही लिहीत नाही, ते तुम्हाला येतं. मी फक्त धुराबद्दल आणि खोलीबद्दल लिहिणार आहे.

आपल्याकडच्या मुलांना वणवा माहीत असतो, आणि तिथेच गफलत होते. जांबोटी-कणकुंबीच्या डोंगरांना आग लागते ती फेब्रुवारी-मार्चमध्ये. वनखातं त्याआधी जाळरेषा काढतं (आग पसरू नये म्हणून आधीच जाळून मोकळा केलेला पट्टा), आणि मृगाचा पाऊस पडला की विषय संपला. कॅलिफोर्नियाचं चक्र उलटं आहे. तिथे पाऊस हिवाळ्यात पडतो, उन्हाळा कोरडा ठणठणीत जातो. ऑगस्टपर्यंत गवत-झुडपं पार वाळलेली असतात आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात आतल्या भागातून समुद्राकडे कोरडे वारे सुटतात. म्हणजे तुमचं पहिलं सेमिस्टर सुरू होतं नेमकं त्याच वेळी. कन्सल्टंट जी हिरवीगार लॉनची चित्रं दाखवतात त्यांत हे दिसत नाही. काहीजण सल्ला देतात की फॉल (ऑगस्ट-सप्टेंबरचा प्रवेश) सोडून स्प्रिंगला (जानेवारीच्या प्रवेशाला) जा म्हणजे धूर चुकेल. हा सल्ला मला अजिबात पटत नाही. दोन वर्षांच्या कोर्समध्ये ऑगस्ट कधीतरी येणारच. शिवाय २०२५ ची आग जानेवारीतच लागली होती, कारण मे २०२४ नंतर त्या भागात पाऊस नावालाच झाला होता.

मी २०१८ च्या फॉलला बे एरियातल्या, म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपासच्या, एका विद्यापीठात गेले. बाबांनी काजूच्या जमिनीची पहाणी (सातबारा) बँकेत ठेवून कर्ज काढलं होतं, त्यामुळे खोली स्वस्तातली हवी हे ठरलेलंच होतं. बेळगावात बसून फोटो बघून, डिपॉझिट भरून, जुन्या लाकडी घरातली खोली घेतली. एसी नव्हता. बे एरियातल्या जुन्या घरांना तो सहसा नसतोच, हवा थंड असते म्हणून कुणाला त्याची गरजही वाटत नाही.

८ नोव्हेंबरला बट काउंटीत (काउंटी म्हणजे जिल्हा) 'कॅम्प फायर' नावाचा वणवा लागला. पॅराडाइज नावाचं गाव जवळजवळ पूर्ण जळालं, ८५ माणसं गेली. ते गाव सॅन फ्रान्सिस्कोपासून अडीचशे किलोमीटरच्या आसपास. आम्हाला ज्वाला दिसायचा प्रश्नच नव्हता. पण धूर आला आणि बसला. एक्यूआय (हवेच्या प्रदूषणाचा आकडा) दोनशेच्या वर गेला. विद्यापीठाचा मेल आला: वर्ग रद्द, कॅम्पस बंद, घरात राहा, खिडक्या लावून घ्या.

हे नीट समजून घ्या, कारण हे कोणी सांगत नाही. "घरात राहा" हा सल्ला घर बंदिस्त असेल तरच उपयोगाचा. धुरातले पीएम २.५ कण अडीच मायक्रोमीटरहून लहान असतात. जुन्या लाकडी खिडकीच्या फटीतून, दाराखालून ते सहज आत येतात. काही तासांत आतली हवाही खराब होते. खिडकी उघडावी तर धूर, लावावी तर घुसमट. वणवा विझवायला गेलेली आपल्याकडची माणसं तोंडाला ओला पंचा बांधतात. तो राख अडवतो, हे कण अडवत नाही. त्यासाठी नाकाला घट्ट बसणारा एन-९५ मास्क लागतो, आणि त्या आठवड्यात दुकानांत तो मिळत नव्हता.

आता उलट बाजू बघा. आसपासची गाळलेली हवा कुठे होती? विद्यापीठाच्या लायब्ररीत आणि नव्या इमारतींत. तिथली यंत्रणा हवा फिल्टरमधून गाळून आत सोडते. आणि कॅम्पस बंद केल्यावर नेमक्या त्याच इमारतींना कुलूप लागलं. हॉस्टेलवाल्यांचं फारसं बिघडलं नाही. बाहेर स्वस्तात राहणारे, म्हणजे बहुतेक आपलेच लोक, डोकेदुखी घेऊन खोल्यांत बसून राहिले. माझे कॅन्टीनच्या कामाचे तास गेले, त्याबरोबर पैसेही. त्या घरात आम्ही काहीजण एकत्र राहायचो, त्यातली एकजण चुलतभावाकडे टेक्सासला गेली ती परत आलीच नाही. लीज (भाडेकरार) सगळ्यांच्या नावावर एकत्र होतं, त्यामुळे तिच्या वाट्याचं भाडं आमच्यावर आलं. त्या महिन्यात मी घरी फोन करून पैसे मागितले, ते मागताना काय वाटलं हे आजही लिहवत नाही.

म्हणून यादीतल्या प्रत्येक विद्यापीठाला एक साधा मेल टाका: धुरामुळे वर्ग रद्द झाले तर लायब्ररी किंवा दुसरी एखादी इमारत बाहेर राहणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी उघडी ठेवता का? इमारतींत मर्व्ह-१३ दर्जाचे (बारीक कण अडवणारे) फिल्टर आहेत का? हॉस्टेल रिकामं करावं लागलं तर परदेशी विद्यार्थी कुठे जातात? अमेरिकन मुलं आईवडिलांकडे जातात, आपलं घर जांबोटीला असतं. उत्तर मोघम आलं तर तेही उत्तरच समजा. आणि हे कन्सल्टंटला विचारू नका. त्याला विद्यापीठाकडून कमिशन मिळत असेल तर तो धुराचं कशाला काढेल? तिथे सध्या दुसऱ्या वर्षाला असलेला मुलगा किंवा मुलगी गाठा, मग ती कन्नड बोलणारी असो नाहीतर तेलुगू. दहा वर्षांपूर्वी शिकून आलेल्या नामवंत काकांपेक्षा तिचा शब्द मी जास्त मानते.

हे वाचून घाबरून नाव खोडू नका. बरीच विद्यापीठं यातून शिकली आहेत. मालिबूच्या पेपरडाइनचं धोरण तर असं आहे की आग आली तरी विद्यार्थ्यांना रस्त्यावर न काढता कॅम्पसवरच सुरक्षित इमारतीत ठेवायचं. २०१८ च्या वूल्सी आणि डिसेंबर २०२४ च्या फ्रँकलिन आगीत त्यांनी तेच केलं. याउलट ऑगस्ट २०२० मध्ये सांताक्रूझच्या विद्यापीठाचा कॅम्पस रिकामा करावा लागला. कॅनडा निवडून हे सगळं टळेल असंही नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये केलोनातला यूबीसीचा (ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाचा) ओकानागन कॅम्पस खाली केला होता, आणि त्याच वर्षी जूनमध्ये क्यूबेकच्या धुराने न्यूयॉर्कचं आकाश नारिंगी झालं होतं.

खोलीचं मात्र कडकपणे बघा. लीज एकेकट्याच्या नावावर मिळत असेल तर थोडं जास्त भाडं देऊनही तेच घ्या. रेंटर्स इन्शुरन्स (भाडेकरूचा विमा) पोचल्या आठवड्यातच काढा, कारण आग जवळ आली की कंपन्या त्या भागात नवी पॉलिसी देणं तात्पुरतं थांबवतात. घर सोडावं लागलं तर हॉटेलचा खर्च पॉलिसीत बसतो का, ते वाचा. चौकोनी टेबलफॅन आणि त्याच मापाचा मर्व्ह-१३ फिल्टर विकत घेऊन टेपने चिकटवला की एका खोलीपुरती हवा बऱ्यापैकी गाळली जाते. महागड्या प्युरिफायरशिवायही भागतं. आम्ही शेवटी तेच केलं आणि त्या रात्री सगळे एकाच खोलीत झोपलो. एन-९५ बेळगावहूनच न्या. दमा असेल तर इनहेलर आणि डॉक्टरांची चिठ्ठी हातातल्या बॅगेत ठेवा.

घर सोडून दुसऱ्या शहरात जायची वेळ आली तर निघण्याआधी इंटरनॅशनल ऑफिसला मेल टाका. एफ-१ वर (विद्यार्थी व्हिसावर) पत्ता बदलला की १० दिवसांत कळवावं लागतं, आणि पूर्णवेळ शिक्षणाच्या हिशेबात एका सेमिस्टरला एकच ऑनलाइन विषय धरतात. आगीत सवलत मिळते का, ते लेखी विचारा, मित्राच्या भरवशावर राहू नका. पासपोर्ट आणि आय-२० (व्हिसासाठी विद्यापीठाने दिलेला कागद) एका पिशवीत तयार ठेवा. व्हीटीयूच्या मूळ मार्क्सकार्डांचं व्हिसाचं काम झालं की ती घरीच ठेवा, डुप्लिकेटसाठी ज्ञानसंगमला (व्हीटीयूच्या बेळगावच्या मुख्यालयाला) खेटे घालणं अमेरिकेत बसून जमत नाही.

आणि घरच्यांना तयार करा. टीव्हीवर "कॅलिफोर्निया पेटलं" एवढंच येतं, आणि ते राज्य कर्नाटकाच्या दुपटीहून मोठं आहे. आमच्या बाबांचा फोन यायचा, "काय गे, आग लागल्याय म्हणे तिकडं, कुठं हाईस तू?" तेव्हा आमच्याकडे पहाटेचे तीन वाजलेले असायचे. मग मी त्यांना आमच्या काउंटीचं नाव कागदावर लिहून घ्यायला सांगितलं आणि भावाला मोबाइलवर एअरनाऊचं (हवेचा दर्जा दाखवणाऱ्या अमेरिकन सरकारी वेबसाइटचं) पान उघडायला लावलं. त्यानंतर बातमी आली की ते आधी काउंटी बघायचे, मग हवेचा आकडा, आणि फोन आमची सकाळ झाल्यावर करायचे.