उद्योजकीय अभिमुखतेवर पीएचडी करताय? या चुका टाळा

नाशिकमध्ये मॅनेजमेंटच्या पीएचडीला सातपूर-अंबडचे लघुउद्योग हाताशी असतात. त्यामुळे ‘उद्योजकीय अभिमुखता आणि व्यवसायाची कामगिरी’ असा विषय घेण्याचा मोह होतोच. अभिमुखता म्हणजे कंपनीचा नवं करण्याचा, पुढाकार घेण्याचा आणि जोखीम पत्करण्याचा कल. विषय चांगलाच आहे, घोळ होतो तो प्रश्नावलीत.

ही अभिमुखता मोजायला कोव्हिन आणि स्लेव्हिन या संशोधकांची 1989 ची मोजपट्टी सहसा जशीच्या तशी उचलली जाते. प्रश्न 9, नावीन्य, पुढाकार आणि जोखीम यांना प्रत्येकी 3. त्यात कंपनीने किती नवी उत्पादनं बाजारात आणली, असा एक प्रश्न आहे. आता तो अंबडमधल्या जॉबवर्कवाल्याला विचारून बघा. तो गिऱ्हाइकाच्या ड्रॉइंगप्रमाणे पार्ट काढून देतो. स्वतःचं उत्पादनच नाही. तो ‘एकही नाही’वर खूण करणार आणि तुमच्या एक्सेलमध्ये मागासलेला ठरणार. पण याच माणसाने हातात ऑर्डर नसताना कर्ज काढून व्हीएमसी (संगणकावर चालणारं मिलिंग मशीन) घेतलेलं असतं, एका सेटिंगमध्ये दोन ऑपरेशन बसावीत म्हणून शेडमध्येच फिक्स्चर (पार्ट पकडून ठेवणारा साचा) बनवलेलं असतं, गाड्यांच्या पार्ट्सवर भागेना म्हणून स्विचगिअरचं काम धरलेलं असतं. तुमच्या पट्टीला यातलं काहीच दिसत नाही. म्हणून आधी चार-पाच मालकांशी निवांत बोला, ‘नवीन’ म्हणजे त्यांच्याकडे काय घडतं ते समजून घ्या, त्यानुसार प्रश्न बदला, पायलट करा आणि काय बदललं ते प्रबंधात स्पष्ट लिहा. परीक्षक याला नावं ठेवत नाहीत. न सांगता बदललंत तर ठेवतात.

मूळ पट्टी 7 बिंदूंची आहे, दोन टोकांना दोन विरुद्ध विधानं. ती मोडून ‘सहमत-असहमत’ची केली की मालक चहा संपायच्या आत सगळीकडे ‘सहमत’ टिक करून मोकळा होतो. ‘आम्ही धाडसी निर्णय घेतो’ याला नाही कोण म्हणेल?

सिद्धांताची खिचडीही नेहमीची. मिलर यांच्या 1983 च्या मांडणीत तिन्ही गुण एकत्र दिसले तरच कंपनी उद्योजकीय. लम्पकिन आणि डेस यांनी 1996 मध्ये स्वायत्तता आणि स्पर्धेतली आक्रमकता जोडून 5 पैलू केले, आणि ते स्वतंत्रपणे कमीजास्त होऊ शकतात असं म्हटलं. प्रबंधात 1996 चा दाखला द्यायचा आणि विश्लेषणात पाचांची सरासरी काढायची, हे चालत नाही. येवल्याचा पैठणीवाला नव्या डिझाइनला पुढे आणि कर्जाला मात्र हात न लावणारा असू शकतो. सरासरीत दोन्ही गोष्टी पुसल्या जातात.

अभिमुखता आणि नफा यांचा सहसंबंध (1 म्हणजे पूर्ण मेळ) 0.8 आला तर पेढे वाटू नका. राउख आणि सहकाऱ्यांनी 2009 मध्ये 51 अभ्यास एकत्र केले, तेव्हा तो साधारण 0.24 निघाला होता. तुमचा आकडा एवढा फुगतो, कारण बहुधा दोन्ही उत्तरं एकाच मालकाने एकाच फॉर्मवर, एकाच बैठकीत दिलेली असतात. उलाढाल ताळेबंदातून किंवा जीएसटी रिटर्नमधून घ्या, अभिमुखतेचे प्रश्न प्रॉडक्शन मॅनेजरलाही विचारा. आकडे दाखवायला मालक खळखळ करतात. निदान उलाढालीचा टप्पा तरी सांगतात.

संशोधनाचे कल दाखवणारं प्रकरण लिहिणाऱ्यांनी शेवटच्या वर्षाचा खाली आलेला आलेख पाहून ‘रस कमी होतोय’ असं लिहू नये. त्या वर्षाच्या नोंदी स्कोपस या शोधनिबंधांच्या डेटाबेसमध्ये अजून पुऱ्या चढलेल्या नसतात. निबंधांतल्या शब्दांचा नकाशा काढणाऱ्या व्हीओएसव्ह्यूअरमध्ये ‘एसएमई’ (लघु-मध्यम उद्योग) आणि ‘एसएमईज’ असे दोन वेगळे ठिपके दिसले तर एकाच अर्थाचे शब्द एकत्र करणारी थिसॉरस फाइल जोडायची राहिली आहे.

आता मला सगळ्यात खटकणारी गोष्ट. सगळे फक्त चालू शेडमध्ये जातात. विक्लुंड आणि शेफर्ड यांनी 2011 मध्येच मांडलं होतं की ही उद्योजकीय वृत्ती निकालांचा पसारा वाढवते: काही कंपन्या झेप घेतात, काही बुडतात. बुडालेल्या तुमच्या नमुन्यात नसतील तर जोखीम नेहमीच फायद्याची दिसणार. औद्योगिक संघटनेची जुनी सभासद यादी मिळवा आणि आजच्या यादीशी ताडून पाहा. गळालेल्या नावांपैकी कोण बंद पडलं, कोण सिन्नरला हललं आणि कोणी गाळा भाड्याने देऊन दुसरा धंदा धरला, हे शेजारचा शेडवाला सहसा सांगतो.