परराष्ट्र धोरण शिकायचंय? आधी एक शेजारी निवडा

आंतरराष्ट्रीय संबंध घेऊन एमएला आलेली मुलं पहिल्याच महिन्यात विचारतात, "अमेरिका आणि चीनच्या भांडणात भारताने कोणाची बाजू घ्यावी?" प्रश्न चांगला आहे, पण सुरुवात तिथून करू नये. मी हाच विषय शिकले, पुढे एका संशोधन संस्थेत दक्षिण आशियावर काम केलं आणि आता शिकवते. इतक्या वर्षांत एक मत पक्कं झालंय: भारताचं परराष्ट्र धोरण समजून घ्यायचं असेल तर एक शेजारी देश निवडा आणि त्याच्याशी झालेले करार मुळातून वाचा.

महासत्तांबद्दलची मतं रोज तयार मिळतात. शेजाऱ्यांबद्दल मात्र आपल्याला खरंच फार कमी माहिती असते, आणि आपल्या सुरक्षेचे जुने प्रश्न तिथेच आहेत. 1893ची ड्युरँड रेषा (आजची पाकिस्तान-अफगाणिस्तान सीमा), 1914ची मॅकमहोन रेषा (भारत-तिबेट सीमा), 1947ची रॅडक्लिफ रेषा (फाळणीची), या तिन्ही ब्रिटिशांच्या काळातल्या. साम्राज्य गेलं, रेषा राहिल्या, आणि त्या सांभाळायचं काम नव्या देशांच्या अंगावर पडलं.

मला हा विषय खऱ्या अर्थाने उलगडला तो 29 जुलै 1987च्या भारत-श्रीलंका करारामुळे. राजीव गांधी आणि श्रीलंकेचे अध्यक्ष जयवर्धने यांनी कोलंबोत सह्या केलेला हा करार बहुतेक जण तिथल्या तमिळ अल्पसंख्याकांच्या प्रश्नापुरता वाचतात: प्रांतांना अधिकार देणाऱ्या परिषदा, भारताने तिथे पाठवलेली शांतिसेना, संपलं. आमच्या सरांनी त्याला जोडलेली पत्रं वाचायला लावली. दोन्ही नेत्यांनी एकमेकांना लिहिलेल्या त्या पत्रांत श्रीलंकेच्या पूर्व किनाऱ्यावरचं त्रिंकोमालीचं बंदर येतं. भारताच्या हिताला बाधा येईल अशा रीतीने ते किंवा दुसरं कोणतंही बंदर कुठल्याही देशाला लष्करी वापरासाठी द्यायचं नाही, असं त्यात ठरलंय. तिथल्या तेलटाक्यांची दुरुस्ती दोन्ही देशांनी मिळून करायची, हेही आहे. ब्रिटिशांनी आपल्या नौदलासाठी बांधलेल्या या टाक्या एकत्र विकसित करण्याचे करार पुढे जानेवारी 2022मध्ये झाले! पस्तीस वर्षं एक ओळ जिवंत राहिली. मूळ करारासोबतची पत्रं आणि परिशिष्टं वाचायची सवय मला तिथे लागली, आणि तुम्हीही ती लावून घ्या.

पण एवढ्यावर थांबलात तर अर्धीच गोष्ट कळेल. दुसऱ्याच दिवशी, 30 जुलैला, सलामी देणाऱ्या तुकडीतल्या एका श्रीलंकन नौसैनिकाने बंदूक उलटी धरून राजीव गांधींवर वार केला. आपल्याला जी सुरक्षेची व्यवस्था वाटत होती, ती तिथल्या अनेकांना दडपण वाटत होती. शांतिसेना मार्च 1990मध्ये परतली, तोवर आपले हजारावर जवान कामी आले होते. हे लिहिताना आजही जड जातं. म्हणूनच विद्यार्थ्यांना सांगते, प्रत्येक करार लहान देशाच्या बाजूनेही एकदा वाचा. परराष्ट्र व्यवहारात भारताच्या सल्ल्याने चालायचं, हे 1949च्या भूतान कराराचं दुसरं कलम 2007मध्ये का बदललं, नेपाळमध्ये भारताशी झालेल्या 1950च्या मैत्री करारावर अजून नाराजी का आहे, हे मग आपोआप लक्षात येतं.

सार्क या दक्षिण आशियाई देशांच्या संघटनेवर फार वेळ घालवू नका. त्याच्या सनदेतच दोन गोष्टी आहेत: निर्णय एकमताने आणि दोन देशांतले वादग्रस्त विषय चर्चेबाहेर. 2014च्या काठमांडूतल्या बैठकीनंतर शिखर परिषद का झाली नाही, याचं निम्मं उत्तर तिथेच मिळतं. अलिप्ततावाद, म्हणजे कुठल्याही महासत्तेच्या गटात न जाण्याचं धोरण, मात्र घाईने उरकू नका. 1954चा चीनसोबतचा पंचशील करार आणि 9 ऑगस्ट 1971चा भारत-सोव्हिएत करार शेजारी शेजारी ठेवून वाचा. दुसऱ्यातलं नववं कलम नीट बघा. हल्ला झाला किंवा हल्ल्याची धमकी आली तर लगेच सल्लामसलत करायची, असं ते सांगतं. अलिप्त राहणं म्हणजे हात बांधून बसणं नव्हतं, हे त्या एका कलमातून कळतं.

साधनं फुकट आहेत. परराष्ट्र मंत्रालयाच्या संकेतस्थळावर करार आणि वार्षिक अहवाल मिळतात, संसदेच्या संकेतस्थळावर प्रश्नोत्तरं. तारांकित प्रश्नांवरची, म्हणजे मंत्र्यांनी सभागृहात तोंडी द्यायची उत्तरं जरूर वाचा, सरकार काय बोलायचं टाळतंय ते तिथे दिसतं. शिवाय शेजारच्या देशाची एक भाषा शिका. नेपाळी देवनागरीतच आहे, मराठी मुलांना ती वाचायला वेळ लागत नाही. नोकरीचं खरं सांगायचं तर संशोधन संस्थांत जागा कमी आणि बऱ्याचशा कंत्राटी असतात. प्राध्यापकीसाठी नेट-सेटसारखी पात्रता परीक्षा किंवा पीएचडी लागतेच. अशा वेळी तिथली वर्तमानपत्रं मूळ भाषेत वाचणारा उमेदवार वेगळा उठून दिसतो.

कोणता देश घ्यावा? सुरुवातीला पाकिस्तान नको, कारण त्याबद्दल मनात आधीच खूप काही साठलेलं असतं. माझी पसंती बांगलादेशाला. 1974चा सीमा करार प्रत्यक्षात यायला 2015 उजाडलं, कारण भूभाग दुसऱ्या देशाला द्यायचा तर घटनादुरुस्ती लागते, असं सर्वोच्च न्यायालयाने बेरुबारी प्रकरणात (बंगालमधला एक भाग पाकिस्तानला देण्याचा वाद) 1960मध्येच सांगितलं होतं. परराष्ट्र धोरण दिल्लीतल्या एका मंत्रालयात ठरतं, हा समज इथे गळून पडतो.

त्यानंतर 12 डिसेंबर 1996चा गंगा पाणीवाटप करार उघडा. मुदत 30 वर्षांची, म्हणजे डिसेंबर 2026पर्यंत. त्याच्या पहिल्या परिशिष्टातलं सूत्र वहीत उतरवून घ्या. ते 1 जानेवारी ते 31 मे या काळासाठी आहे. पश्चिम बंगालमधल्या गंगेवरच्या फराक्का धरणाशी पाणी 70 हजार क्युसेक (सेकंदाला इतके घनफूट) किंवा त्याहून कमी असेल तर निम्मंनिम्मं. 70 ते 75 हजार असेल तर बांगलादेशाला 35 हजार, उरलेलं भारताला. 75 हजार किंवा त्याहून जास्त असेल तर भारताला 40 हजार, उरलेलं त्यांना. हे समजलं की 2011मध्ये तिस्ता नदीच्या पाणीवाटपाचा बांगलादेशाशी करायचा करार पश्चिम बंगालच्या विरोधामुळे सहीविना का राहिला, तो प्रश्न हातात घ्या.