पाळी चाळीशीच्या आतच बिघडली तर हार्मोनच्या उपचारासाठी डॉक्टरकडं कसं जायचं

सलग वर्षभर पाळी आली नाही की मेनोपॉज झाला असं धरतात. त्याच्या आधीची काही वर्षं, म्हणजे पाळी कधी वीस दिवसांत तर कधी दोन महिन्यांनी, रात्री घामानं गाऊन ओला, छातीत धडधड, पहाटे तीनला जाग ती जागच, सांधे धरलेले, पोरांवर उगाच ओरडणं, हे सगळं पेरीमेनोपॉज. भारतात मेनोपॉजचं सरासरी वय ४६-४७ धरतात, युरोप-अमेरिकेत ५१, म्हणजे आपल्याकडं ३८-३९ ला ही गडबड सुरू होणं काही जगावेगळं नाही. तरी निपाणी, खानापूर, चिकोडीकडच्या बायका दवाखान्यात गेल्या की ऐकायला काय मिळतं, "अजून लहान आहात, टेन्शन घेऊ नका", आणि हातात रक्तवाढीच्या गोळ्या. घरी आलं की सासूबाई म्हणतात "सगळ्यांनाच होतंय गं". मला याचा खरंच राग येतो, कारण वय जितकं लहान तितकं हे जास्त मनावर घ्यायला पाहिजे.

कारण सांगते. इस्ट्रोजेन म्हणजे अंडाशयातनं तयार होणारं हार्मोन, ते नुसतं पाळीसाठी नसतं, हाडं आणि हृदय पण त्याच्यावर असतात. चाळीशीच्या आत अंडाशयाचं काम मंदावलं तर त्याला पीओआय म्हणतात, ४० ते ४५ मध्ये पाळी कायमची गेली तर अर्ली मेनोपॉज. या दोन्हीत हार्मोन घ्यायचे ते फक्त वाफा (अंगातनं एकदम गरम लाट उठून घाम फुटणं) थांबवायला नाही, शरीराला त्या वयात जे मिळायलाच पाहिजे होतं ते भरून द्यायला, आणि साधारण पन्नाशीपर्यंत घ्या असंच डॉक्टरांच्या गाइडलाइनमध्ये आहे (कुणाला घेता येत नसतील तर ते वेगळं, खाली लिहिलंय).

जायच्या आधी एक वही करा. पोरांची जुनी वही चालते, मोबाईलवर पण चालतं. दोन-तीन महिने लिहा, पाळी कुठल्या तारखेला आली, किती दिवस, किती पॅड, रात्री कितीदा घाम, झोप किती, डोकेदुखी, खाली कोरडेपणा किंवा लघवीला जळजळ. दोन पाळ्यांमधल्या अंतरात पुन्हा पुन्हा सात दिवस किंवा जास्त फरक पडत असेल तर तेवढं लाल पेनानं गोल करा, डॉक्टर तेच बघतात. पण तीन महिने पाळीच आली नाही तर वही भरायची वाट बघत बसू नका, आधी प्रेग्नन्सी टेस्ट करा आणि लगेच जा. आईची, मावशीची, बहिणीची पाळी कितव्या वर्षी गेली ते विचारून ठेवा, कारण हे घरात चालत येतं. केमो, रेडिएशन, अंडाशयाचं ऑपरेशन झालं असेल तर ते कागद पिशवीत टाका. आणि मिश्री लावत असाल, तंबाखू खात असाल तर ते पण सांगा, लाजू नका, गोळी द्यायची का जेल हे ठरवताना त्याचा विचार होतो.

कुठं जायचं? गावातल्या आशाताईशी बोलून सुरुवात करा, पण औषध ठरवायला स्त्रीरोगतज्ज्ञच पाहिजे. बेळगावात सिव्हिल म्हणजे बिम्स आणि नेहरूनगरचं केएलई, कोल्हापूरला सीपीआर, तिन्हीकडं स्त्रीरोग विभाग आहे. कर्नाटकातल्या बायकांना शक्ती योजनेमुळं जून २०२३ पासून राज्याच्या साध्या बसमध्ये तिकीट नाही, आधार कार्ड दाखवायचं, म्हणून पुन्हा पुन्हा जावं लागणाऱ्या या कामाला मला बेळगाव बरं वाटतं. सरकारी दवाखान्यात सिस्टर कन्नड बोलणारी असेल तर मुट्टु म्हणजे पाळी, बेवरु म्हणजे घाम, निद्दे म्हणजे झोप, एवढ्यावर पण काम भागतं. नवरा सोबत आला तरी आत एकटीनं बोलायचं असेल तर तसं स्पष्ट सांगा.

आत गेल्यावर "बरं वाटत नाही" एवढंच म्हणू नका. असं म्हणा, "डॉक्टर, मला एकोणचाळीस वर्षं झाली, पाळी आठ महिन्यांपासून अशी आहे, हे लिहून आणलंय, हे पेरीमेनोपॉज किंवा पीओआय आहे का ते तपासायचंय". वय ४५ च्या वर असेल तर लक्षणांवरनंच निदान होतं, रक्त तपासायची गरज सहसा नसते. ४५ च्या खाली असाल तर रक्तात एफएसएच (अंडाशयाला काम करायला लावणारं हार्मोन) आणि इस्ट्राडिओल (इस्ट्रोजेनचाच प्रकार) तपासतात, जोडीला थायरॉईडची टीएसएच, प्रोलॅक्टिन (दूध येण्याचं हार्मोन), हिमोग्लोबिन, साखर. थायरॉईड तर बघाच, त्याची लक्षणं हुबेहूब अशीच असतात. पाळी येत असेल तर एफएसएच दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी करतात. पाळीच्या किंवा गर्भनिरोधक गोळ्या चालू असताना तो रिपोर्ट भरवशाचा नसतो, म्हणून गोळ्यांची नावं आधीच सांगा. आणि एकदा नॉर्मल आला म्हणून "काही नाही" असं धरू नका, या काळात हार्मोन आज वर उद्या खाली असतात, चार-सहा आठवड्यांनी परत करायला सांगता येतं. चाळीशीच्या आत पीओआय निघालं तर हाडं किती मजबूत आहेत ते बघणारी डेक्सा आणि क्रोमोसोमची तपासणी पण विचारा.

आता भीतीबद्दल, कारण कॅन्सर हा शब्द निघाला की सगळं तिथंच थांबतं. ही भीती बरीचशी २००२ च्या अमेरिकेतल्या हार्मोनच्या औषधांवरच्या एका मोठ्या अभ्यासातनं आली. त्यातल्या बायकांचं सरासरी वय ६३ होतं, औषध जुन्या प्रकारचं होतं, आणि त्यात स्तनाच्या कॅन्सरच्या केसेस दर १० हजार बायकांमागे वर्षाला साधारण ८ जास्त निघाल्या. चाळिशीतल्या बाईला, जिचे हार्मोन वेळेआधी गेलेत, तो हिशोब जसाच्या तसा लागू होत नाही. पण स्तनाचा कॅन्सर झालेला असेल, कारण न कळलेला रक्तस्राव असेल, पायात किंवा फुप्फुसात गुठळी, हार्ट अटॅक, लकवा, लिव्हरचा चालू आजार असेल तर हे उपचार बहुतेक वेळा देत नाहीत, मग वाफांसाठी बिनहार्मोनच्या गोळ्या असतात, त्या मागा.

उपचारात इस्ट्रोजेन गोळीतनं किंवा जेलमधनं मिळतं. जेल हातावर-मांडीवर चोळायचं, गुठळीची भीती गोळीपेक्षा कमी, म्हणून वजन जास्त किंवा बीपी असेल तर जेलबद्दल नक्की विचारा, महाग पडतं ते खरं. गर्भाशय असेल तर सोबत प्रोजेस्टेरॉन हे दुसरं हार्मोन लागतंच, नाहीतर आतलं अस्तर जाड होऊन कॅन्सरचा धोका वाढतो. प्रोजेस्टेरॉन रात्री झोपताना घ्यायचं, त्यानं झोप पण येते. मेडिकलवाल्याकडनं नुसतं एक आणून शेजारणीच्या चिठ्ठीवर सुरू करू नका. सुरू करण्याआधी बीपी, स्तनांची तपासणी आणि सोनोग्राफी करून घ्या.

या उपचारानं दिवस राहायचे थांबत नाहीत, हे बऱ्याच जणींना कुणी सांगतच नाही. पन्नाशीच्या आत शेवटच्या पाळीनंतर दोन वर्षं काळजी घ्यायचीच.

आणि गर्भाशयाच्या पिशवीचं. आपल्या भागात पस्तिशीतच "रक्त जास्त जातंय, काढून टाका पिशवी" सर्रास चालतं, ऊसतोडीला येणाऱ्या बायकांत तर फार. नुसत्या अनियमित पाळीसाठी कुणी ऑपरेशनची तारीख दिली तर घाई करू नका, दुसऱ्या डॉक्टरला दाखवा, गोळ्या आणि हार्मोनची कॉपर-टीसारखी कॉइल हे पर्याय आहेत का विचारा. आधीच काढली असेल तर डिस्चार्जच्या कागदावर अंडाशय ठेवलंय की काढलंय ते बघून घ्या. दोन्ही अंडाशय गेली असतील आणि वय ४५ च्या आत असेल तर पाळी नसली तरी हार्मोनबद्दल आजच विचारा, आणि अंडाशय ठेवलेलं असलं तरी ते लवकर थकू शकतं, वाफा सुरू झाल्या की दाखवा.

हार्मोन सुरू केल्यावर सुरुवातीला स्तन जड वाटणं, थोडे डाग पडणं होतं, त्यासाठी लगेच बंद करू नका. तीन महिन्यांनी दाखवायचं, मग वर्षातनं एकदा. पण एका पायाला सूज आणि दुखणं, छातीत कळ, दम लागणं, बोलणं अडखळणं असं काही झालं तर ओपीडीची वाट बघू नका, तातडीच्या विभागात जा आणि हार्मोन चालू आहेत हे तिथं पहिल्यांदा सांगा.