आरोग्य-समाजशास्त्रातील शोधलेख: लिहिताना, पाठवताना आणि दुसऱ्याचा तपासताना

ऊसतोडीला जाणाऱ्या बीड जिल्ह्यातील एखाद्या बाईला तिच्या शस्त्रक्रियेविषयी विचारले, तर ती ‘पिशवी काढली’ असे सांगते. त्याआधी कसला त्रास होता, या प्रश्नाला ‘अंगावरून जायचं’ एवढेच उत्तर मिळते. आणि तोडीवर असताना दवाखान्यात का गेली नाही, असे विचारले तर ती म्हणते, ‘खाडा झाला असता.’ शोधलेख इंग्रजीत लिहिताना या तीन शब्दप्रयोगांचे हिस्टेरेक्टॉमी, डिस्चार्ज आणि ॲब्सेन्स होते, आणि संशोधकाला गावात जे उमगलेले असते त्यातील बरेचसे त्या भाषांतरातच गळून पडते. खाडा म्हणजे नुसती गैरहजेरी नव्हे. त्या दिवसाची मजुरी बुडतेच, शिवाय मुकादमाकडून, म्हणजे मजुरांची टोळी नेणाऱ्या कंत्राटदाराकडून, घेतलेल्या उचलीत (आगाऊ रकमेत) दंडाची भर पडते, आणि नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जात असल्यामुळे एकाच्या आजारपणाचा भुर्दंड दोघांवर बसतो. आरोग्य-समाजशास्त्राचा विषय नेमका या खाड्यात आहे. म्हणून लेखनाच्या पहिल्या दिवशीच अशा शब्दांची एक यादी करावी, ते लेखात देवनागरीचे रोमन लिप्यंतर करून जसेच्या तसे ठेवावेत आणि पहिल्या उल्लेखाच्या वेळी प्रत्येकाचा अर्थ दोन-तीन वाक्यांत उलगडावा. माझ्या अनुभवात नियतकालिकाच्या वतीने लेख तपासणाऱ्या परदेशी परीक्षकांनी या शब्दांना कधी हरकत घेतलेली नाही. उलट त्यांविषयी अधिक लिहा, असेच ते सुचवतात.

मराठवाड्यातील महाविद्यालयांत समाजशास्त्र किंवा समाजकार्य शिकवणारे, तसेच जनऔषधवैद्यकशास्त्र (कम्युनिटी मेडिसिन) विभागांत काम करणारे अनेक जण प्रबंध पूर्ण झाल्यावर त्यातील एक प्रकरण उचलून तसेच नियतकालिकाकडे पाठवतात. असा लेख बहुधा परीक्षकांपर्यंत पोहोचतच नाही. संपादक स्वतःच तो परत करतो. प्रबंधात संशोधकाने विषयाचा सर्व आवाका दाखवायचा असतो, तर लेखात एकच म्हणणे मांडून ते सिद्ध करायचे असते. ‘ऊसतोड स्त्रियांचे आरोग्य: एक समाजशास्त्रीय अभ्यास’ हा प्रबंधाचा विषय झाला. ‘खाड्याच्या दंडामुळे गर्भाशय काढून टाकणे हा मजुरी वाचवण्याचा मार्ग कसा ठरतो’ हे लेखाचे म्हणणे झाले. हे म्हणणे एका वाक्यात, शेजारच्या विभागातील सहकाऱ्याला समजेल अशा शब्दांत सांगता येईपर्यंत लेख लिहायला घेऊ नये.

त्या वाक्यावरूनच नियतकालिकाची निवडही सोपी होते. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट स्ट्रॉस यांनी १९५७ मध्ये एक भेद मांडला होता, तो आजही उपयोगी आहे: वैद्यकाला मदत करणारे समाजशास्त्र वेगळे आणि वैद्यकाचाच अभ्यास करणारे समाजशास्त्र वेगळे. गरोदर स्त्रिया आरोग्य केंद्रात का येत नाहीत हे शोधून शासनाला उपाय सुचवणारा लेख पहिल्या प्रकारात येतो, आणि तो सार्वजनिक आरोग्याच्या नियतकालिकात शोभतो. खासगी डॉक्टर, मुकादम आणि कुटुंब मिळून ‘पिशवी खराब झाली’ हे निदान कसे घडवतात, हा दुसऱ्या प्रकारचा प्रश्न आहे. तो १९७९ पासून निघणाऱ्या ‘सोशिऑलॉजी ऑफ हेल्थ अँड इलनेस’सारख्या नियतकालिकाचा विषय होऊ शकतो, मात्र तेथे निदानाची समाजरचना (निदान समाजात कसे घडते), वैद्यकीकरण (जगण्यातील प्रश्नांना आजार ठरवणे), १९५१ मध्ये समाजशास्त्रज्ञ टॅल्कट पार्सन्स यांनी मांडलेली रुग्णभूमिका (आजारी माणसाला नेहमीच्या कामातून मिळणारी समाजमान्य सूट) यांसारख्या जुन्या चर्चेत आपल्या लेखाने नेमकी कोणती भर घातली, हे दाखवावे लागते. बीडच्या बाईला पार्सन्स यांची रुग्णभूमिका मिळतच नाही, कारण आजारी पडून कामातून सूट मिळण्याऐवजी तिच्या डोक्यावरचे कर्ज वाढते. हे ठामपणे मांडले, तर तो सिद्धान्ताच्या अंगानेही महत्त्वाचा लेख होतो. उपचारातील नीतीचा प्रश्न मध्यवर्ती असेल, तर मुंबईतून १९९३ मध्ये सुरू झालेले ‘इंडियन जर्नल ऑफ मेडिकल एथिक्स’ पाहावे, आणि भारतीय समाजशास्त्राच्या वाचकांसाठी लिहायचे असेल, तर १९५२ पासूनचे ‘सोशिऑलॉजिकल बुलेटिन’ आहेच. ज्या नियतकालिकातील एकही लेख आपल्या संदर्भात येत नाही, तेथे आपला लेख पाठवण्यात अर्थ नाही.

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ च्या नियमावलीत पीएच.डी.पूर्वी शोधलेख छापण्याची सक्ती काढली आणि २०२५ च्या फेब्रुवारीत मान्यताप्राप्त नियतकालिकांची यूजीसी-केअर यादीही बंद केली. त्यामुळे नियतकालिक खरे की खोटे, हे ठरवण्याची जबाबदारी आता संशोधकावर आणि त्याच्या संस्थेवर आली आहे. सात दिवसांत छापून देतो, प्रमाणपत्रही देतो, असे सांगून पैसे मागणाऱ्या ईमेलला उत्तर देऊ नये. खऱ्या नियतकालिकाचे नाव आणि आयएसएसएन हा ओळखक्रमांक चोरून उभारलेली नकली संकेतस्थळेही असतात. म्हणून पैसे किंवा लेख पाठवण्याआधी संपादक मंडळातील एखाद्या सदस्याच्या विद्यापीठाच्या पानावरून त्याचा पत्ता शोधून त्याला थेट विचारावे. त्या चौकशीला जाणारा एक दिवस वाचवण्याच्या नादात मी लोकांची तीन-तीन वर्षांची मेहनत वाया गेलेली पाहिली आहे, आणि तेथे एकदा छापलेला लेख पुन्हा दुसरीकडे पाठवताही येत नाही. शुल्क घेणारे प्रत्येक नियतकालिक खोटे नसते. मात्र शुल्क न भरता छापणारी चांगली नियतकालिके पुष्कळ आहेत आणि आधी तीच पाहावीत.

नीतिमान्यतेचा, म्हणजे संशोधनाला नीती समितीची परवानगी मिळवण्याचा, प्रश्न क्षेत्रकार्याआधीच सोडवावा, कारण मुलाखती संपल्यावर कोणतीही समिती मागील तारखेची मान्यता देत नाही आणि मान्यतेचा क्रमांक नसेल तर आरोग्याशी संबंधित नियतकालिक लेख स्वीकारत नाही. अनेक महाविद्यालयांत अशी समितीच नसते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार दुसऱ्या संस्थेच्या समितीशी करार करून तिची मान्यता घेता येते. जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयाकडे त्यासाठी अर्ज करावा. लिहितावाचता न येणाऱ्या बाईची संमती निःपक्ष आणि साक्षर साक्षीदारासमोर घ्यायची असते. हा साक्षीदार मुकादम किंवा त्याचा नातेवाईक असता कामा नये, हे लेखातही स्पष्ट नोंदवावे.

ओळख लपवण्यासाठी नाव बदलणे पुरेसे नसते. तालुका, गाव, टोळी कोणत्या कारखान्याला जाते, बाईचे वय आणि मुलांची संख्या या पाच गोष्टी एका परिच्छेदात आल्या, की गावातील कोणीही तिला ओळखेल. माहिती जिल्ह्याच्या पातळीवर ठेवावी, कारखान्याऐवजी ‘पश्चिम महाराष्ट्रातील एक कारखाना’ असे लिहावे, वय पाच वर्षांच्या गटात द्यावे. २०१९ मध्ये बीडमधील या शस्त्रक्रियांची चौकशी करण्यासाठी राज्य शासनाने समिती नेमली, तेव्हापासून हा विषय वर्तमानपत्रांत गाजलेला आहे आणि बातमीतील बाई कोणती हे शोधणारे लोक गावात असतात.

लेखकांच्या नावांबाबत मार्गदर्शक आणि विद्यार्थी यांनी आरंभीच बोलून घ्यावे. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीने चार अटी घातल्या आहेत: अभ्यासाच्या आखणीत किंवा माहिती मिळवण्यात अथवा तिचा अर्थ लावण्यात भरीव वाटा असणे, मसुदा लिहिणे किंवा त्यात सारभूत सुधारणा करणे, अंतिम मसुद्याला संमती देणे, आणि संपूर्ण कामाची जबाबदारी घेणे. या चारही पूर्ण न करणाऱ्या विभागप्रमुखाचे नाव रीत म्हणून घालू नये. गावात घरोघरी नेणाऱ्या आशाताईंचे आभार मात्र त्यांची परवानगी घेऊन मानावेत, आणि नाव छापल्याने गाव ओळखू येणार असेल तर नावाशिवाय मानावेत.

गुणात्मक मुलाखतींवर लेख आधारलेला असेल, तर २००७ मध्ये प्रसिद्ध झालेली ३२ मुद्द्यांची कोरेक तपासयादी शेजारी ठेवून पद्धतीचा भाग लिहावा. मुलाखत घेणारी व्यक्ती कोण होती, तिची जात-वर्गाची पार्श्वभूमी काय, ती गावात कोणाच्या ओळखीने गेली आणि मुलाखतीच्या वेळी सासू तेथे बसली होती का, हे वाचकाला कळायलाच हवे. एकाच वेळी दोन नियतकालिकांकडे लेख पाठवू नये. त्याचा काही भाग मराठीत छापला असेल, तर संपादकाला लिहिलेल्या पत्रात तसे सांगावे.

परीक्षकांचे अहवाल आले, की बहुतेक जणांना ते अपमानास्पद वाटतात. दोन दिवस ते बाजूला ठेवावेत. त्यानंतर प्रत्येक सूचना जशीच्या तशी उतरवून तिच्याखाली आपण काय बदलले आणि कोणत्या पानावर, हे लिहावे. सूचना पटली नाही तर नम्रपणे, पण पुराव्यासह नकार द्यावा. ‘मोठ्या सुधारणा’ हा निर्णय नकार नव्हे. मी ओळखत असलेल्या मराठवाड्यातील कितीतरी संशोधकांनी तो नकार समजून लेख गुंडाळून ठेवले, ही मला सर्वांत वाईट वाटणारी गोष्ट आहे.

पुढे कधीतरी आपल्यालाच दुसऱ्याचा लेख तपासण्याची विनंती येईल. आपल्याला विषय ठाऊक आहे का, लेखक आपल्या ओळखीचा आहे का आणि दिलेल्या मुदतीत वाचणे जमेल का, हे पाहून एक-दोन दिवसांत होकार किंवा नकार कळवावा. लेखक कोण असावा याचा अंदाज आला आणि तो आपला सहकारी किंवा स्पर्धक निघाला, तर संपादकाला लगेच सांगावे. लेखाचे हस्तलिखित गोपनीय असते. ते विद्यार्थ्याला दाखवू नये आणि कृत्रिम बुद्धिमत्तेच्या कोणत्याही साधनात टाकू नये.

लेख दोनदा वाचावा: पहिल्यांदा लेखकाचे म्हणणे काय हे पाहण्यासाठी आणि दुसऱ्यांदा पुरावा ते म्हणणे पेलतो का हे पाहण्यासाठी. अहवालाच्या सुरुवातीला लेखकाचे म्हणणे आपल्या शब्दांत दोन-तीन वाक्यांत मांडावे, म्हणजे आपण लेख समजून घेतला हे त्याला कळते. मग मुख्य आक्षेप आणि किरकोळ आक्षेप वेगळे करावेत. ‘विश्लेषण वरवरचे आहे’ या वाक्याचा लेखकाला काहीच उपयोग होत नाही. ‘चौथ्या पानावर बायका डॉक्टरांवर विश्वास ठेवतात असे म्हटले आहे, परंतु उद्धृत केलेल्या तीनपैकी दोन मुलाखतींत त्या उचलीविषयी बोलत आहेत’ या वाक्याने लेख सुधारतो. भाषांतरित उद्धरणे वाचताना मूळ शब्द कोणता होता, असे आवर्जून विचारावे, कारण मराठी जाणणारा परीक्षक म्हणून आपल्याला बोलावले असेल तर हे काम दुसरा कोणी करू शकत नाही. कोणाची ओळख उघड होत असेल, तर ते लेखकाच्या अहवालात आणि संपादकाच्या खासगी टिपणातही लिहावे. इंग्रजी कच्चे आहे म्हणून लेख नाकारण्याची शिफारस करू नये. भाषा सुधारण्याची सूचना करावी. स्वतःच्या लेखांचे संदर्भ घालायला लावू नयेत.

सुधारित लेख परत आला, की आपण आधी मागितलेले बदल झाले आहेत का, एवढेच तपासावे. पहिल्या फेरीत न काढलेले नवे आक्षेप, गंभीर चूक नजरेतून सुटली नसेल, तर या टप्प्यावर काढू नयेत. निर्णय कळल्यावर संगणकावरची आणि छापून घेतलेली प्रत नष्ट करावी.